टोर्केलच्या भिंतीवरची चादर

टोर्केलच्या गोठ्याच्या भिंतीवर पांढरी चादर टांगलेली होती आणि ती स्कोर्विकमध्ये कुणालाच दिसत नव्हती.

खरं तर ती न दिसणं अवघड होतं. खाडीच्या कडेने जी काही घरं आहेत त्यांत टोर्केलचं घर अगदी मधोमध, उंचवट्यावर. भिंत तांबडी, चादर पांढरी. आमच्याकडे चादर टांगली की तिचा अर्थ एकच, माणसं हवीत, या. कुणी आजारी असो, होडी फुटलेली असो की गवत शेतात पडून असो. चादर दिसली की हातातलं काम टाकून निघायचं आणि कशाला बोलावलं ते पोचल्यावर विचारायचं. पण त्या उन्हाळ्यात लांबलेल्या पावसाने एकदाची उसंत दिली, जो तो गवत कापायला धावला, आणि टोर्केलची चादर वाऱ्यावर फडफडत राहिली. स्कोर्विकची माणसं कुणाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ती फक्त बघत नाहीत.

सगळ्यात वरचं शेत हाल्डोरचं. त्यामुळे ती चादर त्याला सगळ्यात जास्त दिसायची.

हाल्डोर खांब रोवत होता. उतार असा की एक पाय वर आणि एक पाय खाली ठेवूनच उभं राहायचं. जन्मभर तसं उभं राहून त्याचा डावा गुडघा जाडजूड झाला होता. खांबांना तारा ओढायच्या आणि ओलं गवत तारांवर पसरून वाळवायचं, हे काम एकट्याचं नव्हे. म्हणून खालच्या शेतातली विधवा गुरो आली होती, तिचा मुलगा आमुन आला होता. आज हाल्डोरकडे, उद्या गुरोकडे, असं चालायचं.

"खांब सरळ रोव की रे," गुरो दाताळ्याने गवत ओढता ओढता म्हणाली. "तुझ्या तारा बघून गवताला घेरी यायची."

"माझी जमीनच वाकडी आहे, गुरो."

"जमीन असू दे वाकडी. माणूस सरळ आहे, तेवढं बास झालं."

हाल्डोरने खांबावर घण घातला. तो जरा जास्तच जोरात बसला आणि खांबाचं टोक फाटलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

एवढ्यात सिनेव्हा वर आली. हाल्डोरची बायको. कावडीच्या एका बाजूला कॉफीची किटली, दुसऱ्या बाजूला पातळ भाकरी, लोणी आणि खारा मासा. पहाटे तीच कावड दुधाच्या बरण्या घेऊन धक्क्यापर्यंत उतरायची. तिची कंबर उजवीकडून गेली होती. चालताना ती आधी पाय टाकायची, मग बाकीची सिनेव्हा त्या पायावर येऊन पोचायची. पण कावडीतलं थेंबभर सांडायचं नाही.

तिने कप भरले आणि सरळ खाली बोट दाखवलं. "टोर्केलने चादर लावली आहे."

कुणी मान वर केली नाही. आमुनने भाकरीवर लोणी लावलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"वारा बरा आहे आज," गुरो म्हणाली. "धुणं छान वाळेल."

"धुणं नाही गुरो ते. चादर आहे."

"मला बाई धुणंच दिसतंय."

"पाऊस परत यायच्या आत त्याचं गवत तारांवर गेलं नाही तर हिवाळ्यात गाईला काय घालायचं त्याने? एकटा म्हातारा माणूस..."

आमुनने कप खाली ठेवला. वसंतापासून तो फारसा बोलत नसे, म्हणून तो बोलला की सगळे गप्प होत. "माझ्या पोराने श्वाससुद्धा घेतला नाही," तो म्हणाला. "ज्याने सुईण पलीकडे घालवली त्याने आपलं गवत आपण वाळवावं."

हाल्डोरने तोंडात घास घातला होता, तो तिथेच राहिला.

झालं होतं असं. स्कोर्विकची स्वतःची पंचायत होती. पणजोबांच्या पिढीने खाडीपलीकडच्या ऑस्टनेसशी भांडून ती वेगळी करून घेतली होती. माणसं मूठभर, पण आमची शाळा, आमची सुईण, आमचा गरिबांचा निधी आणि आमचा गोल शिक्का. शाळेच्या माडीवर लोखंडी शेगडीभोवती बसून बापजाद्यांनी रस्त्याच्या दगडापासून भटक्या कुत्र्यापर्यंत सगळ्यावर वाद घातले होते. मग राजधानीतून फर्मान निघालं की एवढ्याएवढ्याशा पंचायती परवडत नाहीत, मोठ्या पंचायतींत मिसळून जा, नाहीतर नाही म्हणून कळवा. स्कोर्विकने नाही म्हणून कळवायचं हे ठरलेलंच होतं. गुप्त मतदान नुसतं नावाला. अध्यक्षाने चिठ्ठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, चष्मा पुसला आणि सांगितलं की एका मताने स्कोर्विक ऑस्टनेसमध्ये गेलं.

काही जण मिसळायला तयार होते, हे सगळ्यांना माहीत होतं. ते उघड बोलत आणि त्यांच्यावर कुणाचा राग नव्हता. राग होता तो 'नाही' म्हणतो असं सांगून 'हो' लिहिणाऱ्यावर. तो कोण, हे शोधायला स्कोर्विकला वेळ लागला नाही. टोर्केलची मुलगी ऑस्टनेसला दिलेली. टोर्केल सभेत नेहमी म्हणायचा, अंथरूण पाहून पाय पसरा. आणि दुकानात गुरोने तोंडावर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गुप्त मत गुप्तच असतं, गुरो." 'मी नाही' असं म्हणाला नाही. मग आणखी पुरावा कशाला हवा?

नव्या वर्षात शिक्का गेला, वरचे वर्ग गेले, सुईण ऑस्टनेसला राहायला गेली. वसंतात आमुनच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा खाडीत लाटा होत्या. तिला पलीकडे नेणारी लाँच अर्ध्यात असताना मूल झालं. त्याला गुंडाळायला आमुनने अंगातला स्वेटर काढला होता.

आणि 'हो' लिहिलं होतं हाल्डोरने.

लबाडीने नव्हे. निदान त्याला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. मतदानाच्या थोडं आधी सिनेव्हा बर्फावरून घसरली होती. कावड एकीकडे, बरण्या दुसरीकडे, आणि ती हातापायांवर रांगत दूध सांडलेल्या बर्फातून झाकणं गोळा करत होती. वर हसत होती की बघ, मांजरांची चैन झाली. हाल्डोरला ते हसू सहन झालं नाही. ऑस्टनेसची माणसं सांगत होती की एक व्हा, वरच्या शेतांना गाडीरस्ता देतो. त्याने मनात हिशेब केला, बाकीचे नाही म्हणणारच आहेत, त्यांत आपलं एकट्याचं 'हो' बुडून जाईल. पण ऑस्टनेसवाल्यांना सांगता येईल की मी तुमच्या बाजूने होतो, रस्त्याचं बघा. तसा शब्दही त्याने त्यांच्या अध्यक्षाला आधीच देऊन ठेवला. शेजाऱ्यांच्या भरवशावर मत द्यायचं म्हणजे काय, ते त्याला अध्यक्षाने चष्मा पुसला तेव्हा कळलं.

त्या दिवशी संध्याकाळी गुरो आणि आमुन गेल्यावर त्याने दाताळं खांद्यावर टाकलं.

"कुठे?" सिनेव्हाने विचारलं.

"चादर दिसतेय," तो म्हणाला.

सिनेव्हाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली. नवऱ्याचा अभिमान वाटतो तेव्हा बायका बघतात तसं.

टोर्केलचं गवत खालच्या अंगाने काळं पडायला लागलं होतं, त्याला आंबूस वास येत होता. म्हातारा लांब दांड्याच्या विळ्याने कापत होता. चार हात मारायचा, मग विळ्यावर रेलून श्वास गोळा करायचा. हाल्डोरला बघून त्याने नुसती मान हलवली आणि तारेचं टोक त्याच्या हातात दिलं. दोघांनी तारा ओढल्या, गवत पसरलं. कोरडं कोरडं निवडून वर, काळं खाली.

"टोर्केल," हाल्डोर म्हणाला. "ते मत माझं होतं."

टोर्केलने हातातलं गवत तारेवर टाकलं, तळव्याने दाबून सारखं केलं. "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तुझ्या शेजारीच बसलो होतो ना मी. इतकी वर्षं एका बाकावर बसलो, तू कधी हात आडवा धरून लिहिलं नव्हतंस. 'नाही' लिहायला कुणी कशाला हात आडवा धरेल?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? मला वाटलं तुझं तू बोलशील. नाताळ गेला, ईस्टर गेला. मी म्हटलं, भित्रा आहे, पण बोलेल." टोर्केल खोकला, बाजूला थुंकला. "मग आमुनचं पोर गेलं. तेव्हापासून मीच म्हणतोय, आता बोलू नये त्याने."

"का?"

"अरे, तुला आता ते जिवंत गाडतील. मी एकटा माणूस. माझी बायको सिग्ने चर्चच्या आवारात झोपली आहे, तिला कोण टाकून बोलणार? सिनेव्हाला मात्र दुकानात जायचंय, धक्क्यावर जायचंय, गुरोच्या दारावरून रोज कावड न्यायची आहे. तिला बघून बायकांनी पाठ फिरवलेली मला बघवणार नाही. तुला बघवेल?"

हाल्डोरने काळं गवत उचलून खालच्या तारेवर टाकलं.

"मी लेकीकडे चाललोय," टोर्केल म्हणाला. "या गवतावर एक गाय निघते, बाकीच्या दिल्या मी. सुकलं की लाँचवर चढवतो, गाय आणि गवत दोन्ही."

"म्हणजे लोक म्हणणार, बघा, गेलाच पळून ऑस्टनेसला."

"म्हणू देत. ते टोक ओढ, तार सैल पडली."

हाल्डोरने तार ओढली. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्याच्या छातीवरचा दगड सरकला, अंग हलकं झालं, त्याला भूकसुद्धा लागली. बोलायला नको. टोर्केलच नको म्हणतोय. घरी चढताना त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतो आहोत, आणि त्याला स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटली.

खाली गुरो दारात उभी होती. तिने त्याला टोर्केलच्या शेतातून येताना पाहिलं आणि ती आत गेली.

टोर्केलचं गवत वाळत होतं तेव्हाच ऑस्टनेसहून रस्त्याची मापं घ्यायला माणूस आला. गोरागोमटा, तोंडाने मोकळा, बगलेत लाल रंग लावलेल्या खुंट्यांचा भारा. हाल्डोरच्या कुरणात त्याने खुंट्या ठोकल्या आणि सिनेव्हाने रीतीप्रमाणे त्याला कॉफीला आत बोलावलं. हाल्डोर बाहेर विळ्याला धार लावत होता. खिडकी उघडी होती.

"इथूनच सुरू करा असं आमच्या अध्यक्षांनी बजावलंय," माणूस म्हणत होता. "म्हणाले, वरच्या हाल्डोरला रस्ता देणं आहे. त्याने शब्द पाळला, आपणही पाळायचा."

"कसला शब्द?" सिनेव्हाने विचारलं.

"मताचा हो! असे चार समंजस लोक असते तर एवढी ओढाताण झालीच नसती. छान आहे कॉफी. बास, बास... बाई, भरला कप!"

कॉफी बशीत, बशीतून टेबलावर, टेबलावरून त्याच्या विजारीवर गेली. थेंब न सांडणारी सिनेव्हा. हाल्डोरच्या हातातला धारेचा दगड पात्यावरून घसरला आणि अंगठा कापला.

माणूस गेल्यावर ती बाहेर आली. आधी त्याचा अंगठा धुतला, फडकं बांधलं, गाठ मारली. मग म्हणाली, "माझ्यासाठी?"

"तुझ्या कमरेसाठी."

"मी मागितला होता रस्ता?"

"तू काहीच मागत नाहीस कधी."

"आमुनची बायको माझ्यासमोर रडली. मी तिला जवळ घेऊन टोर्केलला शिव्या दिल्या, हाल्डोर. या तोंडाने दिल्या. नंतर लाज वाटली म्हणून त्याची चादर सगळ्यांना दाखवत फिरले. आणि तू घास तोंडात धरून बसला होतास."

"मी सांगितलं टोर्केलला. त्याला आधीपासून माहीत होतं. तोच म्हणतो बोलू नकोस. तुझ्यासाठीच म्हणतो."

"वा! तूही माझ्यासाठी, तोही माझ्यासाठी. मला कुणी विचारलं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी कधी मागत नाही म्हणालास ना? मग आता मागते. टोर्केल लाँचवर चढायच्या आधी धक्क्यावर सगळ्यांसमोर सांग. माझ्याशी बायका बोलल्या नाहीत तर मी गाईंशी बोलेन. पण तो त्याच्या नावावर तुझं पाप घेऊन जाता कामा नये."

"सांगतो," हाल्डोर म्हणाला.

तो मनापासून म्हणाला होता.

टोर्केल निघाला त्या सकाळी सगळं स्कोर्विक धक्क्यावर होतं. टोर्केलला निरोप द्यायला नव्हे. लाँचवर टपाल होतं आणि पीठ होतं. माणसं पोत्यांभोवती उभी राहून हवेबद्दल बोलत होती. टोर्केल काळा कोट घालून, गाईची दोरी धरून एकटा उभा होता. गवताचे भारे आधीच चढले होते. लाँच त्याच्या दारासमोरूनच जाणार होती आणि चादर अजून भिंतीवर होती. काढायला तो विसरला असेल, किंवा नसेलही.

गाय फळीवर पाय ठेवेना. म्हातारा ओढत होता, गाय मान ताणून मागे सरत होती, खुर फळीवर घसरत होते. कुणी पुढे झालं नाही. एकजण हसलासुद्धा. मग हाल्डोर गेला. तो आधी गाईच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, मग त्याने तिच्या मागच्या अंगाला खांदा लावला आणि दम धरून ढकललं. शेणाने त्याची बाही भरली. गाय चढली.

तो मागे वळला तेव्हा गुरो त्याच्यासमोर उभी होती. तिने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून त्याची बाही पुसायला घेतली, सगळ्यांदेखत.

"मी बघितलं होतं तुला त्याच्या शेतात," ती म्हणाली. "तेव्हा राग आला होता मला. पण देवाने आपल्याला तसंच सांगितलंय ना. असल्या माणसालासुद्धा हात द्यायचा. ते आम्हाला कुणाला जमलं नाही. तू भला माणूस आहेस हाल्डोर."

मागून आमुन पुढे आला. त्याने टोपी काढली आणि हात पुढे केला. "मला नसतं जमलं," तो एवढंच म्हणाला.

हाल्डोरने तो हात धरला. गरम, खरबरीत, तरुण हात होता. पिठाच्या पोत्यांपाशी सिनेव्हा उभी होती, दोन्ही हात रिकामे, आणि ती फक्त त्याच्याकडे बघत होती. आता. हाल्डोरने तोंड उघडलं.

"आमुन," तो म्हणाला. "ऐक. ते..."

"हाल्डोर!" टोर्केल लाँचवरून ओरडला. इतका मोठा आवाज त्याने वर्षभरात काढला नव्हता. "दोर सोड की! लाँच खोळंबलीय."

सगळ्यांनी वळून टोर्केलकडे पाहिलं. हाल्डोरनेही पाहिलं. म्हातारा कठड्याला धरून उभा होता आणि हळूच मान हलवत होता, नको.

आमुन वाट बघत होता. हात अजून हातात होता.

हाल्डोरने तो सोडवून घेतला, खांबापाशी वाकला आणि दोर सोडला. साधी गाठ होती, लहानपणापासून हजारदा सोडलेली. तरी तो बराच वेळ वाकून राहिला. पुन्हा उभा राहिला तेव्हा लाँच वळली होती आणि पोत्यांपाशी सिनेव्हा नव्हती.

चादर कुणी काढली नाही. दिसतच नव्हती तर काढणार कोण? शरदातल्या वादळात ती चिंध्या होऊन गेली. टोर्केल पुढच्या हिवाळ्यात लेकीच्या घरी वारला. सिग्नेशेजारी त्याची जागा राखलेली होती, पण मुलीने त्याला ऑस्टनेसलाच पुरलं. स्कोर्विकमधून खांदा द्यायला कोण येणार, असं तिला वाटलं असेल.

रस्ता मात्र झाला, शब्द दिल्याप्रमाणे. दगड फोडून, वळणं घेत तो थेट हाल्डोरच्या अंगणात आला. झेंडे लागले, ऑस्टनेसच्या अध्यक्षाने भाषण केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाची गाडी दारात येऊन भोंगा वाजवू लागली.

सिनेव्हाने त्या रस्त्यावर पाय ठेवला नाही. भोंगा वाजला की ती बरण्या कावडीला लावायची आणि मागच्या बाजूने, जुन्या वाटेने, खाली धक्क्याकडे निघायची. आधी पाय, मग बाकीची सिनेव्हा. गाडी परत खाली येईपर्यंत ती धक्क्यावर पोचलेली असे आणि बरण्या तिथे चढवून देई. पहिल्या दिवशी हाल्डोरने कावडीला हात घातला. तिने कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली. भांडली नाही, त्याचं जेवण चुकवलं नाही, लोकांत एक शब्द बोलली नाही. सांगायचं काम त्याचं होतं, ते तिने त्याच्यासाठी केलं नाही. पाऊस असो, बर्फ असो, ती उतरायची. आणि ती पडली तर धरता यावं म्हणून हाल्डोर रिकाम्या हातांनी तिच्या मागे उतरायचा.

गुरोला हे काही केल्या उमजत नसे. वाट तिच्या दारावरून जायची. ती ओसरीत येऊन हात कमरेवर ठेवून उभी राहायची.

"रस्ता दारात आलाय आणि ही बाई बघा! मोडशील एक दिवस, सिनेव्हा. अरे हाल्डोर, तू एवढा सगळ्यांचं भलं करणारा माणूस, बायकोला समजाव की जरा."

"समजावतो," हाल्डोर म्हणायचा आणि तिच्या मागून खाली उतरायचा.